मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डिजिटल डिकोडर बसवताना

साध्या डीसी (एकदिश प्रवाहाच्या) मांडणीत रुळांतली वीज चाकांवाटे थेट मोटरपर्यंत जाते. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत मात्र ती आधी डिकोडरमध्ये, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणाऱ्या छोट्या सर्किटमध्ये, आली पाहिजे आणि मोटरला फक्त डिकोडरकडूनच मिळाली पाहिजे. मोटरचे एक टोक जरी चुकून रुळाशी जोडलेले राहिले, तरी वीज देताक्षणी डिकोडर जळू शकतो.

इंजिन उघडण्यापूर्वी ते साध्या डीसीवर चालवून पाहावे, कारण मळलेली चाके आणि मोटरला आतून वीज पोचवणारे झिजलेले ब्रश यांवर डिकोडर हा उपाय नव्हे. मग 12 व्होल्टवर मोटर क्षणभर रोखून ती किती प्रवाह ओढते ते मोजावे. निवडलेल्या डिकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी. जुन्या मोटरींच्या बाबतीत ही मोजणी मी कधीही टाळत नाही.

इंजिनात आठ पिनांचे सॉकेट असेल, तर काम थोडक्यात आटोपते: त्यातला डमी प्लग (डिकोडर नसताना वीज थेट मोटरला जोडणारा) काढायचा आणि नारिंगी तारेची पिन सॉकेटवरील 1 या खुणेशी जुळवून डिकोडरचा प्लग बसवायचा.

सॉकेट नसेल, तर खरे कष्ट मोटर विलग करण्यात आहेत. कित्येक जुन्या इंजिनांत एका ब्रशची जोडणी धातूच्या सांगाड्यातूनच झालेली असते. ती तोडून तिथे इन्सुलेशन द्यावे लागते. त्यानंतर मल्टिमीटर लावून दोन्ही ब्रशांची टोके प्रत्येक चाकाशी आणि सांगाड्याशी तपासावीत, आणि जोडणी असल्याचे सांगणारा बीप एकदाही ऐकू आला नाही, तरच पुढे जावे. लाल तार उजव्या रुळाकडून व काळी डाव्या रुळाकडून येणाऱ्या विजेला जोडावी. नारिंगी आणि करडी मोटरला. निळी तार दिव्यांची सामाईक धन बाजू आहे, पांढरी पुढच्या दिव्याची आणि पिवळी मागच्या दिव्याची. एलईडी असल्यास प्रत्येकाला साधारण 1 किलोओहमचा रेझिस्टर हवाच. सोल्डर केलेले सांधे हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणाऱ्या) नळीने झाकावेत. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद उष्णतेने पाझरतो आणि टेप सुटते.

पहिली चाचणी मुख्य मार्गावर न घेता प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, घ्यावी. तिथे प्रवाह मर्यादित असल्याने जोडणीत चूक असली तरी डिकोडर बहुधा वाचतो. सीव्ही 1 (सीव्ही म्हणजे डिकोडरमध्ये साठवलेली क्रमांकित सेटिंग) वाचल्यावर नव्या डिकोडरचा पत्ता 3 दिसायला हवा. वाचनच होत नसेल, तर मोटरच्या तारा पुन्हा पाहाव्यात, कारण डिकोडर आपले उत्तर सहसा मोटरमधून क्षणभर प्रवाह ओढून देतो. दिवे योग्य दिशेचे लागत असून इंजिन मात्र उलटे धावत असेल, तर नारिंगी व करड्या तारांची अदलाबदल करावी. दिवे आणि चाल दोन्ही उलट असतील, तर सीव्ही 29 मधला दिशेचा बिट बदलणे पुरते. हे सारे जुळल्यावरच वरचे कवच बसवावे, आणि बसवताना एकही तार गिअरपाशी किंवा कवचाच्या कडेखाली दबत नाही, हे पाहावे.