कॅट-५ वरनं फायबरवर कसं जायचं: डायल-अपवाल्यांचं जे झालं ते आपलं होऊ नये म्हणून

हे सोलापुरातल्या आणि जिल्ह्यातल्या त्या लोकल केबल-नेटवाल्यांसाठी लिहितोय ज्यांचं अजून कॅट-५ वर, म्हणजे तांब्याच्या नेट वायरवर चाललंय. म्हणजे पोलवरनं पोलवर वायर, मधी कुणाच्या तरी गच्चीवर स्विच आणि तिथनं घराघरात. धंदा चालू आहे, महिन्याचे पैसे येतायत, मग कशाला एवढा खर्च करायचा असं लै जण म्हणतात. मला खरंच काळजी वाटते, कारण डायल-अप, म्हणजे फोन लावून नेट देणाऱ्या, कंपन्या पण नेमकं हेच म्हणत बसल्या होत्या.

त्यांचं काय झालं ते आधी बघा, पुढची कामं कुठल्या क्रमानं करायची ते त्यातनंच कळतंय. आपल्याकडं १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारी व्हीएसएनएलनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, १९९८ ला खाजगी कंपन्यांना दार उघडलं आणि सत्यम इन्फोवे, म्हणजे नंतरची सिफी, बाजारात आली. या कंपन्यांकडं स्वतःचं काय होतं, तर मोडेम, सर्व्हर आणि युजरनेम-पासवर्ड. घरापर्यंतची तार टेलिफोन खात्याची. २००४ ला टेलिकॉमचं नियमन करणाऱ्या ट्रायनं शिफारस केली होती की बीएसएनएलची तांब्याची लाइन बाकीच्या कंपन्यांना पण वापरायला मिळू द्या, पण त्याच वर्षी आलेल्या ब्रॉडबँड पॉलिसीत ते सक्तीचं झालं नाही. मग २००५ ला बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, त्याच फोनच्या तारेवर, २५६ केबीपीएस, आणि नेट चालू असताना फोन पण चालू. डायल-अपवाल्याकडं विकायला उरलंच काय?

अमेरिकेत पण तसंच. एओएल या डायल-अप कंपनीचे २००२ च्या आसपास तिकडं अडीच कोटींच्या वर गिऱ्हाईक होते. टाइम वॉर्नर या मीडिया कंपनीशी त्यांचं लग्न २००१ ला लागलेलं, आणि त्या घरात स्वतःचं केबल नेटवर्क होतं, म्हणजे तार घरातच होती, तरी एओएलचं डायल-अपचं गिऱ्हाईक वेळेत तिकडं नेता आलं नाही, कारण दर महिन्याचा येणारा पैसा सोडवत नव्हता. शेवटी २००६ ला एओएलला ब्रॉडबँड वापरणाऱ्यांसाठी आपलं ईमेल वगैरे फुकट करावं लागलं. नेटझिरोसारख्या डायल-अपवाल्यांनी अ‍ॅक्सिलरेटर म्हणून सॉफ्टवेअर विकलं, फोटो दाबून बारीक करून पाठवायचं आणि स्पीड वाढला म्हणायचं, तार तीच जुनी. त्याच नेटझिरोच्या मालक कंपनीनं २००८ ला फुलं पोचवणारी एफटीडी कंपनी विकत घेतली, म्हणजे धंदा कुठनं कुठं गेला बघा. एओएलचं डायल-अप ३० सप्टेंबर २०२५ ला कायमचं बंद झालं.

आता आपली गोष्ट वेगळी आहे ती एका जागी. घरापर्यंतची शेवटची तार आपली आहे, त्या घरातली आजी आपल्याला नावानं हाक मारते. जे डायल-अपवाल्याकडं कधीच नव्हतं ते आपल्याकडं आहे, फक्त ती तार जुनी झालीय. म्हणून पहिलं काम तार बदलायचं, नवीन प्लॅन, नवीन बॅनर, ऑफर सगळं नंतर.

सुरुवात कागदावर करा. एक एरिया घ्या, सगळं गाव एकदम घेऊ नका. साखर पेठ नायतर अशोक चौकाकडची एखादी गल्ली असेल तर घरं दाट आहेत, एका बॉक्सवर भरपूर कनेक्शन बसतात, तिथनं सुरू करा. जुळे सोलापूर, होटगी रोडकडं घरं पांगलेली असतात, ड्रॉप वायर (बॉक्सपासनं घरापर्यंतची) जास्त लागते, ते दुसऱ्या टप्प्यात. प्रत्येक पोल, प्रत्येक गच्ची, कुठला स्विच कुणाच्या मीटरवर चालतोय ते सगळं लिहून काढा. कॅट-५ ची ओढ १०० मीटरची, म्हणून आपण एवढे स्विच लावलेत, आणि त्यातला एकाच्या घरची लाइट गेली की पुढची सगळी गल्ली बंद. वळवाच्या पावसात वीज कडाडली की पोर्ट जळतात ते तर दरवर्षीचं. फायबरमधी, म्हणजे उजेडानं डेटा नेणाऱ्या काचेच्या तारेत, मधल्या रस्त्यात कुठंच करंट लागत नाही, आपल्या कंट्रोल रूमला ओएलटी (उजेड पाठवणारं मुख्य मशीन) आणि गिऱ्हाइकाच्या घरी ओएनयू (तो उजेड परत नेटमधी बदलणारा डबा), बास. नुसत्या या एका गोष्टीनं तक्रारी एवढ्या कमी होतात की पोरांना नवीन कनेक्शन जोडायला वेळ मिळतो.

आता हिशोब, हा नीट करा कारण इथंच काम बिघडतंय. जीपॉनच्या, म्हणजे एका फायबरवर बरीच घरं चालवायच्या पद्धतीच्या, एका पोर्टवरनं खाली साधारण २.५ जीबीपीएस आणि वर १.२५ जीबीपीएस मिळतं, ते त्या पोर्टवरच्या सगळ्या घरांत वाटलं जातं. एका पोर्टवर ६४ च्या वर घरं घालू नका, मशीन १२८ म्हणत असलं तरी. ६४ करायचे तर आधी १:८ चा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचे आठ करणारा, आणि पुढं प्रत्येक फांदीवर परत १:८. एका १:८ स्प्लिटरला साधारण साडेदहा डीबी (उजेडाची घट मोजायचं माप) जातात, दोन म्हणजे २१. फायबरला किलोमीटरला ०.३५ च्या आसपास, तीन किलोमीटर धरलं तर एक, कनेक्टर आणि जोड मिळून अजून दोन धरा, झाले २४. ओएलटीतनं निघताना प्लस ३ किंवा ४ डीबीएम (उजेडाची ताकद) असेल तर घरात उणे २० - २१ मिळायला पाहिजे. उणे २७ च्या खाली गेलं की ओएनयूचा लाल लाइट लुकलुकायला लागतो. मी तर म्हणतो उणे २४ च्या पलीकडचं कनेक्शन चालू करूनच देऊ नका, कारण आज चालेल आणि उन्हाळ्यात ४४ डिग्रीत डबा तापला, कुठं वायर वाकली की तीच तक्रार परत येणार.

टीव्ही पण त्याच फायबरवर द्यायचा असेल, आणि द्यायलाच पाहिजे कारण आपलं मूळ गिऱ्हाईक टीव्हीचं, तर नेट १४९० वर खाली आणि १३१० वर वरती जातंय, टीव्ही १५५० नॅनोमीटरवर (हे उजेडाच्या लहरीच्या लांबीचे आकडे) बसवता येतो. पण मग कनेक्टर हिरवा लागतो, एपीसी. हिरव्यात निळा घुसवू नका! हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतंय, निळ्याचं सरळ, दोन्ही एकात एक बसल्यासारखे वाटतात पण मधी फट राहते, पॉवर पडते, टीव्हीचं चित्र फुटतं आणि घासून टोक पण खराब होतंय. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवा.

पोरांचं सांगतो. आरजे-४५ (कॅट-५ चा प्लग) क्रिम्प करणारा पोरगा स्प्लायसिंग, म्हणजे फायबर वितळवून जोडणं, शिकतो, लै अवघड नाही, फक्त स्वच्छतेची सवय लागली पाहिजे. कोटिंग सोलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, क्लीव्हरनं कापायचं, पुसल्यावर टोकाला बोट लावायचं नाही. जोडावरची स्लीव्ह (संरक्षणाची नळी) आधी घालायची, जोड झाल्यावर आठवण आली तर सगळं परत पहिल्यापासनं. स्क्रीनवर दोन्ही टोकं सरळ दिसली आणि लॉस ०.०५ डीबीच्या आत आला तर ठीक, नाहीतर परत कापा, चालतंय म्हणून सोडू नका. काचेचे तुकडे बाटलीत टाका, गिऱ्हाइकाच्या गालिच्यावर नाही, पायात गेलं तर दिसत पण नाही. आणि चालू फायबरच्या तोंडात डोळा घालून बघायचं नाही, तो उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. पूर्व भागात कारखान्यात कनेक्शन असेल तर ओएनयू यंत्रमागापासनं लांब, वरच्या बाजूला, झाकण असलेल्या डब्यात लावा, सुताचा धुरळा कनेक्टरवर बसला की पॉवर हळूहळू पडत जाते आणि कारण सापडत नाही.

वायर टाकताना लोखंडी तार नसलेली केबल घ्या. महावितरणच्या पोलवर परवानगीशिवाय चढवू नका, एक दिवस येऊन कापून टाकतात आणि मग तक्रार कुणाकडं करणार. आणि शहरात काम असेल तर गड्डा यात्रेचा (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचा) विचार आत्ताच करा, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर आडवी वायर टाकूच नका. नंदीध्वज केवढे उंच असतात ते आपल्याला सांगायला नको, संक्रांतीच्या तोंडावर तोडातोडी करत बसण्यापेक्षा त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे बॉक्स द्या. जास्त खर्च होतो, पण श्रद्धेच्या वाटेत आपली वायर नको.

गिऱ्हाइकाला बदलताना पैसे वाढवू नका, निदान सुरुवातीला. तोच प्लॅन, तेवढेच पैसे, फक्त ओएनयूचं डिपॉझिट घ्या आणि त्याची पावती द्या. एका बॉक्सची सगळी घरं एका आठवड्यात फिरवा आणि त्या गल्लीचा स्विच उतरवा. जुनं-नवं दोन्ही वर्षभर चालवत ठेवलं तर दुप्पट मेंटेनन्स आणि पोरं दोन्हीकडं अडकतात. प्रत्येक घराचं बॉक्स नंबर, पोर्ट नंबर आणि पहिल्या दिवसाची पॉवर एक्सेलमधी लिहा, ड्रॉप वायरवर टॅग लावा. सहा महिन्यांनी तक्रार आली की आधीचं रीडिंग समोर असलं पाहिजे.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, करार. स्वतःचं लायसन्स घेणं सगळ्यांना जमत नाही, मग कुठल्यातरी आयएसपीची (इंटरनेट देणाऱ्या कंपनीची) फ्रँचायझी घ्यावी लागते, त्यात काही वाईट नाही. पण सही करायच्या आधी चार गोष्टी कागदावर मागा. ड्रॉप वायर आणि स्प्लिटर बॉक्स कुणाच्या मालकीचे. गिऱ्हाइकाचे पैसे आधी कुणाच्या खात्यात जातात आणि आपला वाटा किती दिवसात येतो. करार मोडला तर नोटीस किती दिवसांची. आणि त्यानंतर कंपनी आपल्याच गिऱ्हाइकाला थेट कनेक्शन देऊ शकते का. एका कंपनीनं आमच्या ओळखीतल्या माणसाची गिऱ्हाइकं अशीच थेट फोन करून उचलली, कागदावर काहीच नव्हतं म्हणून त्याला बोलता पण आलं नाही. तोंडी 'आपण भाऊ-भाऊ' म्हणणाऱ्याला सांगा, बरोबर आहे, मग लिहून द्या. लिहून देत नसेल तर दुसरा आयएसपी बघा, आता पर्याय आहेत, आणि ओएलटी स्वतःच्या पैशानं घेतलेली असेल तर कंपनी बदलली तरी गल्लीतली एक पण वायर हलवावी लागत नाही.