जुन्या गाडीचा पत्रा सडू नये म्हणून

बडोद्यात जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर पुन्हा उभी करायला काढली की पहिली चर्चा रंगाची होते. रंगाचं नंतर बघू. गंज बहुतेक वेळा आतून सुरू होतो; बाहेर रंगाला फोड येते तोवर मागचा पत्रा गेलेला असतो.

पत्र्याचं काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत सगळा पत्रा प्राइमरखाली जाऊ द्या. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर गेला की उघडा पत्रा भराभर तांबूस होतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे दुसरं काय असतं!

तपासायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि दाभण पुरे. चुंबक धरत नाही तिथे खाली जाड लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली आहे. दाभण टोचून पाहायचं ते दाराच्या खालच्या दुमडीत, दाराखालच्या पोकळ पेटीत, मडगार्डच्या आतल्या कडेला, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात आणि पायाखालच्या मॅटखाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात गाडी बुडाली असेल, तर पोकळ पेटीत गाळ आहे हे धरूनच चाला. दाराच्या तळाला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती जुन्या रंगाने बुजतात. तार घालून मोकळी करा. फुकटचा इलाज आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

सडलेला पत्रा चांगला भाग लागेपर्यंत कापून टाका. वरून ठिगळ नको. दोन पत्र्यांच्या फटीत ओल धरून राहते. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवायचीच.

वरवरचा गंज वायर ब्रशने, फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायची सँडपेपरची चकती) चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. खड्ड्यांत ठिपके उरलेच, तर तेवढ्यापुरतं फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं द्रावण) लावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुढे जा. आम्ल राहिलं तर वरचं एपॉक्सी प्राइमर नीट धरत नाही. मग थिनरने पुसून त्याच दिवशी हार्डनरवालं एपॉक्सी प्राइमर मारा. मधे उघड्या हाताने पत्रा चाचपू नका, घामातलं मीठ लागतं. नुसत्या रेड ऑक्साइड प्राइमरवर गाडी महिनाभर ठेवणं मला पटत नाही, त्यातून ओल आत जाते.

लांबी एपॉक्सीच्या वर भरा, आणि कोरडीच घासा. पाणी मारून घासायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे, पण लांबी ते पाणी पिऊन बसते आणि वर्षभरात तिथेच फोड येते. ह्या एका गोष्टीसाठी गॅरेजात स्वतः उभं राहिलं तरी चालेल.

जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), मग रंग. रंग वाळल्यावर लांब नळीच्या स्प्रेने पेटीत आणि दारांच्या पोटात कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला पत्रा झाकणारं पातळ मेण) सोडा. ते भोकांतून ओघळेल. थांबलं की भोकं पुन्हा तारेने उघडा. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर आणि डोक्यावर छप्पर.