यंत्रमानव आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपल्या कामावर होणारा परिणाम कसा तपासावा

आपली नोकरी टिकेल की नाही, हा प्रश्न आज जवळपास प्रत्येक व्यवसायातील माणसाला पडलेला आहे. परंतु तो असा सरसकट विचारला, तर त्याचे उपयोगी पडेल असे उत्तर कोणालाच देता येत नाही. एका पदाखाली दहा-पंधरा वेगवेगळी कामे होत असतात. यंत्र त्यांपैकी काही उचलते, काहींचे स्वरूप बदलते आणि काहींना हातही लावत नाही. म्हणून तपासणी पदाची न करता कामांची करावी. या फरकाने उत्तर किती बदलते, हे दोन अभ्यासांवरून दिसते. २०१३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील कार्ल फ्रे आणि मायकेल ऑस्बोर्न यांनी ७०२ व्यवसाय तपासून अमेरिकेतील सुमारे ४७ टक्के रोजगार स्वयंचलनाच्या मोठ्या जोखमीखाली असल्याचे अनुमान काढले. २०१६ साली ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात व्यवसायाच्या नावाऐवजी माणसे प्रत्यक्ष करत असलेली कामे विचारात घेतली गेली, तेव्हा २१ देशांची सरासरी ९ टक्क्यांवर आली.

कामांची यादी

दोन आठवडे आपण दिवसभरात जे जे करतो ते वेळेसह लिहून ठेवावे. नेमणूकपत्रातील कर्तव्यांची यादी समोर घेऊ नये, कारण तिच्यात प्रत्यक्षातील निम्म्या गोष्टी नसतात. हिशेबनीस केवळ नोंदी करत नाही. न जुळणाऱ्या बिलाबद्दल पुरवठादाराला फोन करतो, नवीन सहकाऱ्याला पद्धत समजावून देतो, एखादा आकडा संशयास्पद वाटल्यास वरिष्ठांच्या कानावर घालतो. ही सारी कामे यादीत यायला हवीत, आणि तीही क्रियापदात: ‘अहवाल’ असे न लिहिता ‘तीन विभागांचे आकडे गोळा करणे’, ‘त्यांतील विसंगती शोधणे’, ‘निष्कर्ष लिहिणे’, ‘तो बैठकीत मांडून प्रश्नांना उत्तरे देणे’ असे लिहावे. या चार कृतींचे भवितव्य एकसारखे नाही.

प्रत्येक कामाला विचारायचे प्रश्न

यादी तयार झाली की प्रत्येक कृतीपुढे काही प्रश्नांची उत्तरे लिहावीत. या कामासाठी लागणारी सर्व माहिती संगणकावर आहे का, की ती माणसांच्या बोलण्यात, जागेवर जाऊन पाहण्यात आणि अनुभवात दडलेली आहे? काम बरोबर झाले की चुकले, हे लगेच आणि स्वस्तात ठरवता येते का? रोजची परिस्थिती सारखीच असते का, की वारंवार अपवाद निर्माण होतात? आणि चूक झाली तर नुकसान किती, व त्याबद्दल जाब कोणाला विचारला जाईल?

पहिल्या तीन प्रश्नांवरून यंत्राला ते काम कितपत जमेल याचा अंदाज येतो. येथे एक जुना समज बाजूला ठेवावा लागेल. अंगमेहनतीची कामे आधी जातील आणि बुद्धीची नंतर, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले. १९६१ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला तेव्हा त्या समजाला आधारही होता. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्याचे ते काम धोक्याचे, ठरावीक जागेचे आणि ठरावीक हालचालीचे होते. परंतु १९८० च्या दशकात हान्स मोराव्हेक आणि अन्य संशोधकांनी दाखवून दिले, की बुद्धिबळ किंवा बुद्धिमापन चाचण्यांसारखी प्रौढांना अवघड वाटणारी कामे संगणकाला तुलनेने सोपी जातात आणि लहान मूल सहज करते ते पाहणे, पकडणे, तोल सांभाळणे मात्र फार कठीण जाते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर मजकूर, भाषांतर, सारांश आणि संगणकीय आज्ञावली लिहिणे या टेबलावरच्या कामांत जी झपाट्याने उलथापालथ झाली, ती याच दिशेची होती. अरुंद जागेत शिरून गळका नळ दुरुस्त करणाऱ्याच्या कामापेक्षा ठरावीक पत्रांना ठरावीक उत्तरे लिहिणाऱ्या कारकुनाच्या कामाला आज अधिक धक्का आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासातही कारकुनी कामेच सर्वाधिक प्रभावित होण्याजोगी आढळली.

चौथा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्राला एखादे काम जमते म्हणून समाज त्या कामाची जबाबदारी यंत्राकडे सोपवतोच असे नाही. औषधाचा डोस, पुलाचा आराखडा, जामिनाचा निर्णय, लेखापरीक्षणाचा दाखला यांखाली कोणाची तरी सही लागते, कारण चूक झाल्यास उत्तर द्यायला माणूस हवा असतो. आपल्या यादीतील कोणत्या कृतींना अशी सही लागते, ते वेगळ्या खुणेने दाखवावे.

जमणे आणि घडणे यांतील अंतर

प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्यावर यंत्राला जमण्याजोगी कामे मोजून तेवढ्या टक्के नोकऱ्या जातील असा हिशेब करण्याचा मोह होतो, तो टाळावा. बँकांतील एटीएमचे उदाहरण नीट समजून घेण्याजोगे आहे. अर्थतज्ज्ञ जेम्स बेसेन यांनी दाखवले आहे, की अमेरिकेतील शहरी शाखांमध्ये रोखपालांची सरासरी संख्या १९८८ ते २००४ या काळात सुमारे २० वरून सुमारे १३ वर आली; परंतु शाखा चालवणे स्वस्त झाल्यामुळे त्याच काळात शहरी शाखांची संख्या ४० टक्क्यांहून अधिक वाढली आणि रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. नोटा मोजण्याचे काम कमी झाले, ग्राहकांशी बोलण्याचे वाढले. पुढे बँकिंग मोबाइलवर आल्यावर शाखेत जाण्याचीच गरज कमी झाली आणि मग मात्र रोखपालांच्या नोकऱ्या घटू लागल्या. एटीएमने रोखपालाच्या कामाचा एक भाग घेतला होता, तर मोबाइलने त्या कामाचे कारणच काढून घेतले. म्हणून आपल्या सेवेची किंमत उतरली तर लोक ती अधिक घेतील का, आणि आपल्या कामाची ज्यासाठी गरज पडते ती गोष्टच उद्या नाहीशी होऊ शकते का, या दोन्ही प्रश्नांचा विचार करावा.

भाकितांबाबतही सावध असावे. २०१६ साली जेफ्री हिंटन यांच्यासारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील अग्रणी संशोधकाने नव्या रेडिओलॉजिस्टचे, म्हणजे एक्स-रे व स्कॅन वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरांचे, प्रशिक्षण थांबवायला हवे असे जाहीरपणे म्हटले होते. प्रतिमा वाचणाऱ्या प्रणाली त्यानंतर खरोखरच पुष्कळ सुधारल्या, तरीही अनेक देशांत रेडिओलॉजिस्टची टंचाई कायम राहिली. कारण प्रतिमा वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे आणि तपासण्यांची मागणीही वाढत गेली.

यंत्राची परीक्षा स्वतः घ्यावी

जाहिरातीवर किंवा इतरांच्या भीतीवर विसंबून निष्कर्ष काढू नये. आपण पूर्वी केलेली, ज्यांचे अचूक उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशी वीस-पंचवीस कामे निवडावीत. त्यांत नेहमीची असावीत आणि ज्यांनी आपल्याला अडवले होते अशीही असावीत. ती यंत्राकडून करून घेऊन कोणत्या प्रकारची चूक कुठे होते याची नोंद ठेवावी. ग्राहकांची, रुग्णांची किंवा संस्थेची गोपनीय माहिती अशा चाचणीसाठी बाहेरच्या प्रणालीत घालू नये. नावे आणि आकडे बदलून घ्यावेत.

या परीक्षेत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चॅटजीपीटीसारख्या भाषिक प्रणालीची चूक तिच्या भाषेत दिसत नाही, कारण खोटी माहितीही ती तितक्याच सफाईने लिहिते. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयापुढे दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. ते दाखले खरे आहेत का, असे त्यांच्यातील एकाने त्याच प्रणालीला विचारले होते आणि तिने होकार दिला होता. यंत्राच्या उत्तराची पडताळणी मूळ कागदपत्राशीच करावी, आणि त्या पडताळणीला लागणारा वेळ हिशेबात धरूनच यंत्रामुळे किती वेळ वाचला ते ठरवावे. अनेक ठिकाणी ही दुसरी बाजू मोजलीच जात नाही.

कौशल्य आणि उमेदवारी

आतापर्यंतच्या तपासणीतून यंत्राकडे देण्याजोगी कामे, यंत्राच्या मदतीने करण्याची कामे आणि स्वतःकडे ठेवायची कामे असे गट पडलेले असतील. देण्याजोग्या कामांपुढे आणखी एक प्रश्न लिहावा: हे काम करता करता मी काय शिकलो होतो?

मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली मांडलेला विरोधाभास असा, की सोपे काम यंत्राकडे गेल्यावर माणसाकडे केवळ अवघड प्रसंग उरतात, आणि त्या प्रसंगांना तोंड देण्याचे कौशल्य ज्या सरावातून येते तो सराव मात्र बंद झालेला असतो. २००९ साली एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरात कोसळून २२८ जणांचा मृत्यू झाला. वेगमापक नळ्यांत बर्फ साचल्याने स्वयंचलित नियंत्रण बंद पडले होते आणि वैमानिकांना विमान हाताने सावरता आले नाही. अतिउंचीवर हाताने विमान चालवण्याच्या सरावाची उणीव तपास अहवालाने नोंदवली. आपले काम एवढे जोखमीचे नसले तरी महत्त्वाची कौशल्ये निवडून ती ठरावीक अंतराने यंत्राविना वापरावीत. आधी स्वतः मसुदा किंवा निदान लिहावे आणि मग यंत्राचे उत्तर पाहावे. उलट क्रमाने केल्यास आपली नजर त्या उत्तराच्याच मागे जाते.

नवशिक्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष मला चिंताजनक वाटते. ग्राहकसेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ताशी सोडवलेल्या तक्रारी सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ सुमारे एकतृतीयांश होती, तर अनुभवी कर्मचाऱ्यांना फारसा लाभ झाला नाही. याचा एक अर्थ आशादायक आहे: अनुभवी माणसाची हातोटी नवख्यापर्यंत लवकर पोहोचू शकते. परंतु ज्या संस्था याच कारणाने उमेदवारांची भरती थांबवतील, त्यांना दहा वर्षांनी यंत्राच्या चुका ओळखणारे अनुभवी लोक कोठून मिळणार? ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांनी काही प्राथमिक कामे शिकण्यासाठी म्हणून राखून ठेवावीत, नवख्याला यंत्राच्या उत्तरातील चूक शोधायला सांगावे आणि ती चूक का आहे हे त्याच्याकडून वदवून घ्यावे.

एकट्याने न सुटणारा भाग

वैयक्तिक तयारी आवश्यक आहे, पण तेवढी पुरत नाही. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो हे एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात नसते. अर्थतज्ज्ञ डॅरन असेमोग्लू आणि पास्कुआल रेस्ट्रेपो यांच्या अभ्यासानुसार १९९० ते २००७ या काळात अमेरिकेतील ज्या भागांत औद्योगिक यंत्रमानव अधिक आले, तेथे रोजगार आणि वेतन दोन्ही घटले. उलट २०२३ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी १४८ दिवसांच्या संपानंतर करारात लिहून घेतले, की कंपनी लेखकाला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची सक्ती करणार नाही आणि यंत्राने लिहिलेला मजकूर त्याच्या हाती देताना तसे सांगेल. तंत्रज्ञान कसे वापरले जाईल याच्या अटी ठरवता येतात, हे या करारावरून दिसते.

यंत्र जेथे माणसांबद्दल निर्णय घेते तेथे अधिक दक्ष राहावे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणात हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका ठेवला गेला; जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत राष्ट्रीयत्व हाही एक निकष होता. त्या प्रकरणात २०२१ च्या जानेवारीत तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. युरोपीय संघाचा २०२४ साली अमलात आलेला कायदा भरती आणि कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन करणाऱ्या प्रणालींना उच्च जोखमीच्या मानतो, आणि वैद्यकीय किंवा सुरक्षेचे कारण वगळता कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घालतो. आपल्या देशात असा कायदा असो वा नसो, अशा निर्णयाचे कारण लेखी मागावे आणि दाद कोणत्या माणसाकडे मागायची ते विचारावे. त्या माणसाला निर्णय बदलण्याचा अधिकार आहे का आणि एकेका प्रकरणासाठी पुरेसा वेळ आहे का, हेही विचारावे. नाहीतर माणसाची देखरेख केवळ कागदावर राहते.

आपली यादी सहकाऱ्यांच्या यादीशी ताडून पाहावी आणि दर सहा महिन्यांनी नव्याने तपासावी, कारण आज यंत्राला न जमलेले काम तोवर जमू लागलेले असू शकते. ती एकत्रित यादी व्यवस्थापनापुढे ठेवण्याची योग्य वेळ म्हणजे नवीन प्रणालीची खरेदी ठरण्यापूर्वीची. वाचलेल्या वेळेचे काय होणार, पुनर्प्रशिक्षण पगारी वेळेत मिळणार का, कर्मचाऱ्यांच्या कामाची जमा होणारी माहिती कशासाठी वापरली जाणार आणि यंत्राच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हे मुद्दे त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत.