खडपातले शंखखेकडे कसे मोजावेत

शंखखेकडे म्हणजे गोगलगायींच्या रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, आणि खडप म्हणजे किनाऱ्यावरचा खडकाळ भाग. मोजायला जायचं तर आधी पंचांग काढा. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया बघा. तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशोब. द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे सुकती (ओहोटी) सकाळी सव्वासातला. आमच्या रत्नागिरीकडच्या खडपात मी साडेसहालाच उतरते.

30 मीटर दोरी भरतीच्या रेषेपासून पाण्याकडे सरळ टाका. दर 3 मीटरवर 50 सेंटिमीटरची पाइपची चौकट ठेवायची, पडेल तिथेच. पहिल्या वर्षी मी खेकडे दिसतील तिथे चौकट ठेवायचे आणि आकडे बघून खूश व्हायचे! हे घोळक्याने राहतात; एका चौकटीत 40, पुढच्या तिन्हींत भोपळा. तो भोपळाही वहीत लिहायचा.

शंखाच्या आत गेलेला कोण, ते शंखाच्या तोंडाशी बघा. झाकण दिसलं तर गोगलगाय, नांग्या दिसल्या तर खेकडा. डावी नांगी ठळक मोठी असेल तर बहुधा डायोजेनिस, दोन्ही सारख्या तर क्लिबॅनेरियस; ही शंखखेकड्यांच्या दोन गटांची शास्त्रीय नावं. ओढू मात्र नका. शेपटीच्या आकड्यांनी त्याने शंख आतून धरलेला असतो. खेचलंत तर तो तुटेल, पण सोडणार नाही.

शंख कुठला, तोंडाची रुंदी किती मिलिमीटर, फुटका की भोक पडलेला, हे लिहा. आणि रिकामे शंखही मोजा. बरेच खेकडे नेरिटा नावाच्या गोगलगायीच्या गोल, जाड शंखात सापडले, तर त्यांना तो आवडतो की तिथे मिळतोच तेवढा, हे नाहीतर कसं कळणार?

आवड बघायची तर परात घ्या. समुद्राचं पाणी, सावली, फुटक्या शंखातला एक खेकडा आणि चार-पाच तऱ्हेचे रिकामे शंख. तो नवा शंख लोळवतो, नांगी घालून आत चाचपतो. आमच्या चाळीत जागा बघायला येणारे नळ सोडून बघायचे, तसंच. मग एका झटक्यात पोट जुन्यातून नव्यात! कधी दोन मिनिटांत परत जुन्यात. पाणी बदलत राहा. एकदा मी चहा घेत बसले, परातीवर ऊन आलं आणि तीन खेकडे मेले.

झाल्यावर खेकडे आणि शंख जिथले तिथे. माझ्या काचेच्या कपाटातले दोन डबे शंख मी गेल्या भाऊबीजेला, म्हणजे द्वितीयेलाच, खडपात नेऊन ओतले. प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. पंधरा दिवसांनी गेले, तर एक ठिपका तुरुतुरु चालला होता.