बटरफ्लाय व्हॉल्व्हची निवड आणि बसवणी

बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये स्टेमवर (फिरणाऱ्या दांड्यावर) बसवलेली डिस्क ९० अंशांतून फिरते आणि पाइपचा मार्ग उघडते किंवा बंद करते. गेट व्हॉल्व्हपेक्षा तो हलका असतो व जागाही कमी घेतो, म्हणून कूलिंग वॉटरच्या मोठ्या लाइनवर त्यालाच पसंती मिळते.

निवड करताना सर्वाधिक विचार सीटचा, म्हणजे बंद डिस्क जिच्यावर घट्ट टेकते त्या कडीचा, करावा. ईपीडीएम रबर पाण्यासाठी उत्तम असले तरी खनिज तेलाच्या संपर्कात ते फुगते. तिथे नायट्राइल रबर घ्यावे. तीव्र रसायनांसाठी पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर आणि उच्च दाबाच्या वाफेसाठी धातूची सीट असलेला ट्रिपल ऑफसेट प्रकार (ज्यात मध्य तीन प्रकारे सरकवल्याने डिस्क सीटला न घासता बसते) योग्य ठरतो. त्यामुळे खरेदीच्या मागणीपत्रात केवळ ‘रबर सीट’ असे लिहिणे मला मुळीच पुरेसे वाटत नाही.

वेफर प्रकारचा व्हॉल्व्ह दोन फ्लँजांमध्ये (पाइपच्या टोकांवरील बोल्टच्या चकत्यांमध्ये) लांब बोल्टांनी आवळलेला असल्याने एका बाजूची लाइन उघडली की त्याचा आधारच जातो. पुढचा पंप दुरुस्तीसाठी काढावा लागणार असेल, तर बॉडीवरच बोल्टसाठी आटे असलेला लग प्रकार घ्यावा. मात्र एका बाजूने मोकळा असताना तो किती दाब सोसतो, हे उत्पादकाच्या तक्त्यात आधी पाहावे.

बसवताना घाई केली, तर चांगला व्हॉल्व्हही गळतो. व्हॉल्व्ह जागेवर ठेवून फ्लँजचे वेल्डिंग कधीही करू नये, कारण त्या उष्णतेने सीट जळते. फ्लँज पुरेसे फाकवून, डिस्कची कड बॉडीबाहेर येणार नाही इतपत ती किंचित उघडी ठेवून व्हॉल्व्ह आत सरकवावा. रबराची कड फ्लँजवर येत असेल, तर वेगळे गॅस्केट (गळतीरोधक चकती) घालू नये. बोल्ट हाताने लावल्यावर डिस्क पूर्ण उघडावी, ती पाइपच्या आतल्या कडेला घासत नाही याची खात्री करावी, आणि मगच समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळावेत. गाळमिश्रित पाण्याच्या लाइनवर स्टेम आडवा ठेवावा, म्हणजे तळाशी साचलेली वाळू खालच्या बेअरिंगमध्ये शिरत नाही.

मोठ्या व्यासाला लिव्हरऐवजी गिअर बॉक्स लावावा, कारण लिव्हर झटक्यात बंद केल्यास पाण्याचा जोरदार आघात पाइपवर बसतो. प्रवाह कमी-जास्त करायचा असल्यास डिस्क साधारण ३० ते ७० अंशांदरम्यान ठेवावी. त्याहून कमी उघडल्यास अरुंद फटीतून वेगाने जाणारे पाणी सीट झिजवते.