किरायाने घर देण्याआधी: रंग सगळ्यात शेवटी

आमच्याकडे किरायेदार येतात ते मे-जूनमध्ये. बदल्यांचे आदेश निघतात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडायच्या आत जिल्हा परिषदेचे मास्तर, उपकेंद्राच्या नर्सबाई, बँकेतला एखादा नवा पोरगा "खोली आहे काय?" म्हणत दारात उभे राहतात. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आजवर पाच बिऱ्हाडं राहून गेली. सुरुवातीला घर रिकामं झालं की मी पहिले रंगाचा डबा आणायचो. आता पहिले तिथे एक रात्र झोपतो.

खरंच झोपा. बाज टाका, कुलर लावा, तिथल्याच न्हाणीत आंघोळ करा. पंखा दोन नंबरवर कुरकुरतो, संडासाची कडी आतून बसत नाही, नळ आला तरी पाणी टाकीत चढत नाही, हे दुपारी किल्ली घेऊन चक्कर मारल्याने कळत नाही. उशाशी कागद-पेन ठेवा. सकाळपर्यंत जे लिहून होईल, तीच कामांची यादी.

पहिलं काम विजेचं

आपल्या भागात कुलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि लोखंडी कुलर, पाणी व खराब अर्थिंग एकत्र आले की जीव जातो. मागे एका किरायेदार ताईंना कुलरमध्ये पाणी टाकताना हाताला झिणझिण्या आल्या. पाहिलं तर बोर्डाला तीन भोकं होती, पण तिसऱ्यात, म्हणजे अर्थिंगच्या भोकात, वायरच नव्हती! वायरिंग मीच करून घेतली होती आणि कधी तपासली नव्हती.

म्हणून वायरमनला समोर उभं राहून तीन गोष्टी तपासायला सांगा. कुलरच्या बोर्डापर्यंत अर्थिंगची वायर पोचते का. अर्थिंगचा खड्डा जिवंत आहे का. आणि मीटरजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, आहे का. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, खड्ड्यातल्या सळईपासून सुटते आणि अर्थिंग ढिलं पडतं. त्या खड्ड्यात मार्चपासून अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. आरसीसीबीवर चाचणीचं बटण असतं, ते दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. नाही गेली तर बदला, त्यात काटकसर नको. नवीन माणसाला घर दाखवताना तोंडानेही सांगा: कुलर बंद करून, पिन काढून मगच पाणी टाकायचं.

छत आणि भिंती

कवेलूचं घर असेल तर कवेलू मेमध्येच फेरून घ्या. हे काम येणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत, आणि आभाळ भरून आलं की अख्ख्या गावाला तोच एक माणूस लागतो. वानरांनी फोडलेल्यांच्या बदल्यात पंचवीस-तीस जास्तीचे कवेलू परसात रचून ठेवा. टिनाच्या छताला खिळ्यांच्या टोप्या बघितल्या की झालं. स्लॅब असेल तर पाण्याच्या पाइपाला चिंध्यांचा बोळा मारून वर दोन इंच पाणी एक दिवस साठवा. वर पाणी किती उतरलं यावर जाऊ नका, मेच्या उन्हात ते तसंही उडतं. खाली खोलीत छताकडे बघा, ओल दिसली तिथे खडूने गोल करा.

भिंतीच्या भेगा पाहून नवखे घरमालक घाबरतात. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग काळ्या मातीत नेहमीचीच. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मेमध्ये भेग सगळ्यात रुंद असते. तेव्हा तिच्यात कडक सिमिट ठासलं तर पावसाळ्यात माती फुगल्यावर शेजारचा गिलावा फुटतो. लवचीक भरणी मिळते, ती वापरा. भेगेच्या टोकाला पेन्सिलने तारीख लिहा. पुढच्या वर्षी ती पुढे सरकलेली दिसली तर मिस्त्रीला नव्हे, इंजिनिअरला बोलवा. खरा इलाज घराबाहेर आहे. भिंतीला लागून दोन-अडीच फुटांचा सिमिटचा पट्टा, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे वळचणीचं पाणी घराच्या पायात मुरत नाही.

पाणी

टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढा, घासा, भरा. 1000 लिटरच्या टाकीत साधारण 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून टाका, रात्रभर ठेवा, सगळं सोडून द्या आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. यातलं पाणी तोपर्यंत कोणी पिऊ नये. पिण्याला बोअरचं पाणी देणार असाल तर ते आधी तपासून घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडे कित्येक बोअरना फ्लोराइड निघतं, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारं. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी धुण्या-भांड्यालाच ठेवा, आणि हे लपवू नका.

पावसाळ्याआधी मोरीच्या भोकाला जाळी बसवा, दाराखालची फट पट्टी मारून बंद करा, भिंतीला टेकलेल्या विटा-लाकडं हलवा. विंचू आणि साप तिथेच असतात.

हे सगळं झालं की मग रंग, आणि तोही भिंत कोरडी असेल तिथेच. खार फुटलेल्या भिंतीवरचा रंग दिवाळीपर्यंतही टिकत नाही.

कागद

आपल्याकडे ओळखीवर चालतं, पण करार लेखी आणि नोंदणीकृत करा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ऑनलाइन होतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीचा उतारा), घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या काढून ठेवा. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

सामान घेऊन टेम्पो येईल त्या दिवशी कुलूप नवं लावा, जुन्याच्या किल्ल्या किती घरांत फिरल्या ते तुम्हालाही आठवत नसतं. दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढा, आकडा करारावर लिहा. दाराच्या मागे एक कागद चिकटवा: नळ कोणत्या दिवशी किती वाजता येतो, लाईनमनचा नंबर, दूध कोणाकडे मिळतं, आणि मोटरचं बटण कुठलं. आमच्याकडे ते बटण न्हाणीच्या मागे आहे, आणि पाचही बिऱ्हाडांनी पहिल्या दिवशी त्यासाठीच हाक मारली होती.