दिवाळी झाली, आता बाजार बघायच्या आधी वैरण मोजा

मंडळी, सोयाबीन निघालं, बाजरीची कणसं खुडून झाली, मका मोडायला आलाय, आणि गोठ्याचा पुढच्या आठ महिन्यांचा निकाल याच पंधरा दिवसात लागतो, एप्रिलात नाही. एप्रिलात फक्त पैसे जातात. म्हणून कुठलं जनावर ठेवायचं, कुठलं विकायचं, कुठल्या बोकडाला खुराक लावायचा हे सगळं आत्ता ठरवा, आणि ठरवायच्या आधी वैरण मोजा.

मी हे इतकं तळमळीनं का लिहितोय तर २०१९ चा उन्हाळा. आमच्याकडं २०१८ ला पाऊस गेला तो गेलाच, दिवाळीला गंजी बघून वाटलं होईल कसंतरी, मोजली कुणी नाही. फेब्रुवारीत कडबा संपला, मार्चमधे सरकारी चारा छावणीची वाट बघितली, दोन जनावरं छावणीला बांधली आणि एक गाभण कालवड बाजारात नेली, दिवाळीत जो भाव दारात येऊन सांगितला होता त्याच्या निम्म्यानं गेली. त्या दिवशी बाजारात सगळेच विकायला आलेले, घेणारा कोण? कालवड गाडीत चढत नव्हती, पोरगी घरी रडत होती, ते अजून आठवतं. वैरण मोजली असती तर तीच कालवड नोव्हेंबरात चांगल्या घरी गेली असती नाहीतर राहिली तरी असती.

मोजायचं कसं ते सांगतो. पेंढ्या मोजून भागत नाही कारण पेंढी कुणाची सव्वा किलोची तर कुणाची अडीच किलोची. दहा पेंढ्या उचला, वजन करा, सरासरी काढा आणि मग गंजीतल्या एकूण पेंढ्यांनी गुणा. भुसकटाचं पोतं असंच एकदा वजन करून घ्या. आता लागतं किती? ४०० किलोच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा अंश (वैरणीतलं पाणी सोडून उरतो तो भाग) लागतो, म्हणजे साधारण २० ते २५ किलो हिरवी वैरण, ५ ते ६ किलो कोरडी वैरण आणि वरनं आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचा खुराक. म्हशीला थोडं जास्त धरा. नुसत्या कोरड्या वैरणीचा हिशोब केला तरी नोव्हेंबर ते जून असे २४० दिवस गुणिले ६ किलो म्हणजे एका गाईला साडेचौदा क्विंटल. चार जनावरं असतील तर ५८ क्विंटल, त्यात उंदीर, पाऊस, गव्हाणीतली नासाडी धरून दहावा हिस्सा वाढवा. कुट्टी न करता अख्खा कडबा टाकत असाल तर नासाडी याच्याहून कितीतरी जास्त होते, कडबाकुट्टी मशीन भाड्यानं आणा पण कुट्टी करा.

हिशोब जुळला नाही तर घाबरू नका, नोव्हेंबरात अजून हातात बरंच काही असतं.

पहिलं म्हणजे पाणी असेल तर अर्धा-पाऊण एकर मका मुरघासासाठी टाका, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून टिकवायला. आफ्रिकन टॉल जातीचं एकरी ३० किलो बी, थंडीत जरा हळू वाढतो पण फेब्रुवारी संपायच्या आत कापणीला येतो, आणि नीट पाणी-खत मिळालं तर एकरी १५ ते २० टन हिरवा चारा देतो. दाणा चिकातनं हुरड्याकडं झुकला की कापायचा, कोवळा कापला तर पाणी सुटून मुरघास आंबट-घाण होतो, निबर झाला तर दाबला जात नाही. कुट्टी एक इंचाच्या आसपास. मुठीत घट्ट दाबून बघा, गोळा हळूहळू सुटला आणि हात ओलसर झाला पण पाणी टपकलं नाही म्हणजे बरोबर. खड्ड्यात फूटभराचा थर टाकला की ट्रॅक्टर फिरवा, परत थर, परत ट्रॅक्टर, हवा राहिली की बुरशी आलीच. वरनं प्लास्टिक, त्यावर माती आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. खड्डा किती लागतो हे सगळे विचारतात म्हणून सांगतो, चार गाईंना रोज १५ किलो असं पाच महिने द्यायचं तर ९ टन लागतात, २० फूट लांब, साडेसहा फूट रुंद, ५ फूट खोल एवढ्या खड्ड्यात ते बसतं. खड्डा परवडत नसेल तर बॅगा आहेत, फक्त बॅग फाटली की लगेच टेप लावा.

दुसरं, सोयाबीनचं आणि तुरीचं भुसकट, गव्हाचं काड हे पेटवू नका राव. हार्वेस्टर आल्यापासनं काड रानातच पडतं आणि काडी लागते, तीच वैरण मार्चमधे विकत आणायला लागते. गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो काडाला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, दाबायचं, प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं आणि २१ दिवसांनी काढायचं. काढल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्यायचा आणि सुरवातीला थोडं थोडं द्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही. आणि युरियाचं पोतं, युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाला लागेल अशी ठेवायची नाही, एका चुकीनं गाय जाते.

उसाच्या पट्ट्यातल्यांसाठी वेगळं. आता कारखाने सुरू झाले की वाडं (उसाचे हिरवे शेंडे) स्वस्त मिळतं आणि मार्चपर्यंत गव्हाणीत वाड्याशिवाय काही दिसत नाही. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, मग व्यालेली गाय दुधाला घसरते, कधी थंड पडून बसतेच. वाडं अर्ध्यावर ठेवा, बाकी कडबा-लसूणघास द्या, कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. लसूणघासाची आरएल ८८ ही जात आत्ता नोव्हेंबरात टाकली तर दोन महिन्यात पहिली कापणी, नंतर महिन्या-महिन्याला. पण लसूणघास उपाशी पोटी नुसतं देऊ नका, पोट फुगतं, आधी कोरडी वैरण.

अजून एक गोष्ट, ज्वारी काढलेल्या रानात पाऊस शिंतडला की खालनं फुटवे येतात, त्याला आपण किरळ म्हणतो. गुरं सोडून मोकळी चारायला हे रान लई बरं वाटतं, पण कोवळ्या आणि ताण पडलेल्या ज्वारीत विष असतं, तोंडाला फेस, धाप, झटके आणि अर्ध्या तासात जनावर खलास. फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी ज्वारी द्यायची नाही, आणि विष लागलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरला फोन करून किरळ खाल्लीय असं स्पष्ट सांगा म्हणजे ते येताना त्याचं इंजेक्शन घेऊन येतील.

आता आंबोण. गाईला शरीरासाठी एक ते दीड किलो आणि वरनं लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला लिटरमागे ५०० ग्रॅम. बरेच जण सगळ्या जनावरांना एकच डबा मारतात, १४ लिटरवालीला पण तेवढंच आणि ४ लिटरवालीला पण तेवढंच, यात पहिली खंगते आणि दुसरी नुसती लठ्ठ होते. सरकी पेंड महाग झाली म्हणून आंबोण एकदम तोडू नका, गाभणीच्या शेवटच्या दोन महिन्यात तर नाहीच, पुढचं अख्खं वेत त्यावर उभं असतं.

हे सगळं करूनही वैरण कमी पडत असेल तर जनावर कमी करायचं, आणि इथं आपल्या राज्यात गोष्ट बदललीय ती समजून घ्या. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल दीड कोटीच्या वर होते, २०१९ ला ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. म्हशी ५६ लाखांवर तशाच थांबल्या. शेळ्या मात्र ८४ लाखांवरनं १ कोटी ६ लाखांवर गेल्या. हे आकडे कागदावरचे वाटतात पण आपल्या गावात फिरलं तरी दिसतं, बैलाची दावण मोकळी, तिथं ट्रॅक्टर उभा, आणि मागच्या बाजूला जाळीत शेळ्या. कारणं बरीच आहेत, ट्रॅक्टर आला, ज्वारी जाऊन सोयाबीन आणि ऊस आला म्हणजे कडबाच गेला, आणि तिसरं म्हणजे कायदा. गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानं आधीपासनं बंदच होती, मार्च २०१५ पासनं बैल आणि वळू पण त्यात आले, पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड आहे, मुंबई हायकोर्टानं २०१६ ला ही बंदी कायम ठेवली. म्हशीला कत्तलबंदी नाही पण जनावर दुधाला, कामाला, पैदाशीला निरुपयोगी असल्याचा दाखला लागतो.

कायदा बरोबर की चूक यावर गावात दोन मतं आहेत, माझ्या घरात पण आहेत, ते असो. शेतकऱ्याच्या खिशाला याचा अर्थ एवढाच की म्हातारी गाय आणि थकलेला बैल याला पूर्वी जो शेवटचा भाव होता तो आता नाही, म्हणून गाय म्हातारी होईपर्यंत निर्णय लांबवणं महाग पडतं. तिसऱ्या-चौथ्या वेताची, गाभण असलेली गाय दुसऱ्या शेतकऱ्याला विकता येते. तीन-चार वेळा भरवूनही न राहिलेली, सडाला मार बसलेली भाकड गाय एप्रिलात कोण घेत नाही, मग ती रस्त्यावर सोडली जाते आणि शेजाऱ्याचा हरभरा खाते. असं कुणी करू नका, वाईट वाटतं बघून. आधी डॉक्टरकडनं गर्भाशय तपासून घ्या, खनिज मिश्रण-जंतनाशक देऊन एक-दोन माज बघा, आणि नाहीच राहिली तर गोशाळेशी किंवा घेणाऱ्या शेतकऱ्याशी आत्ताच बोला, चारा असतानाच.

गोऱ्ह्यांचा प्रश्न तर संकरित गाईवाल्यांना रोजचाच झालाय. होल्स्टीनचा गोऱ्हा कामाला येत नाही, विकला जात नाही, मग त्याला दूध कमी पाजून मरू दिलं जातं हे सत्य आहे, बोलत कुणी नाही. त्यावर खरा उपाय भरवतानाच आहे, लिंगनिर्धारित रेतमात्रा (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) वापरल्या तर साधारण शंभरात नव्वद कालवडीच होतात. मात्रा महाग आहे, गर्भ राहायचं प्रमाण थोडं कमी आहे, म्हणून निरोगी कालवडीला किंवा पहिल्या-दुसऱ्या वेतातल्या गाईलाच वापरा, सरकारी दवाखान्यात अनुदानाची चौकशी करा.

आता बोकडांकडं येतो, कारण ज्याच्याकडं पाणी कमी, रान कमी त्याचा रोख पैसा इथंच आहे. बकरी ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकते, २०२६ ला ती मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि २०२७ ला मेच्या मध्याला येतेय. म्हणजे ऐन उन्हाळ्यात बोकड तयार पाहिजे, पावसाळ्याचा पाला संपल्यावर. कुर्बानीचा बोकड वर्ष पूर्ण झालेला लागतो, गिऱ्हाईक तोंड उघडून दात बघतं, आणि आंधळा, लंगडा, कान तुटलेला, शिंग मुळातनं मोडलेला चालत नाही. म्हणून आज कळपात जे सहा-सात महिन्यांचे सरळ, उंच, अंगानं मोकळे आहेत ते वेगळे काढा, बाकी बोकड खाटकाला वजनावर द्यायला हरकत नाही, सगळेच ईदपर्यंत धरून ठेवायला चारा कुठंय.

वेगळ्या काढलेल्यांना आत्ता जंतनाशक द्या, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली नसेल तर करून घ्या, आंत्रविषाराची पण. खुराक फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू करा, मक्याचा भरडा, पेंड, भुसा मिळून सुरवातीला १०० ग्रॅम आणि दोन-तीन आठवड्यात हळूहळू २५० ते ३०० ग्रॅमपर्यंत. एकदम धान्य वाढवलं की पोटात आंबतं, बोकड पाय टाकतो आणि ईदच्या तोंडावर हातचा जातो, दरवर्षी कुणाचा तरी जातोच. बरोबर तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, शेवरी, सुबाभळीचा पाला. उस्मानाबादी बोकड साध्या चराईवर वर्षाला २०-२५ किलो भरतो, नीट जपला तर त्याच्या वर जातो. महिन्याला एकदा काट्यावर घ्या, दोन महिने वजन हललं नाही तर त्याला पुढं पोसू नका, विकून मोकळे व्हा. मुंबईच्या देवनार बाजाराला माल नेणारे व्यापारी आधीपासनंच गावोगाव फिरतात, तेव्हा तुमच्याकडं वजनाची वही असली की अंदाजानं भाव पाडता येत नाही.

बाजारात जाताना कागद. १ जून २०२४ पासनं आपल्या राज्यात कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे, टॅगवर १२ आकडी नंबर असतो आणि विकल्यावर तो घेणाऱ्याच्या नावावर करून घ्यायचा. हे काम लोक टाळतात, मग वर्षभरानं तेच जनावर कुठंतरी पकडलं जातं आणि नाव तुमचं निघतं. गाय-बैल विकताना बाजार समितीची पावती घ्या, घेणारा शेतकरी आहे याची खात्री करा, त्याच्या आधार कार्डाचा फोटो मोबाईलमधे ठेवा. गाडीनं लांब न्यायचं असेल तर डॉक्टरचा आरोग्य दाखला बरोबर पाहिजे, आणि गाडीत कोंबू नका, पाणी पाजून चढवा. २०२२ ला लम्पीत बाजार बंद झाले तेव्हा ज्यांनी अगोदर जनावरं कमी केली नव्हती त्यांची किती तारांबळ झाली ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं विकायचं ठरलं असेल तर ढकलत बसू नका. आणि नवीन जनावर घेतलंच तर २१ दिवस वेगळं बांधा, त्याची बादली पण वेगळी.